तोटा कोणाच्या अंगावर?

इचलकरंजीत यंत्रमागाची मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. व्यापारी सूत देतो, सायझिंग होऊन, म्हणजे खळ चढून आलेली उभ्या धाग्यांची बिमे शेडमध्ये पोचतात, मागवाला कापड विणून देतो आणि पिकामागे, मीटरमागे ठरलेले पैसे घेतो. सूतही त्याचे नाही आणि कापडही त्याचे नाही. त्याचे फक्त माग, वीजबिल आणि जबाबदारी. अशा मजुरीने काम करणाऱ्याला गावात ‘खर्चीवाला’ म्हणतात.

त्याचा हिशेब मांडून पाहू. पिकाला 6 पैसे दर धरला तर 52 पिकाच्या कापडाला मीटरमागे 3 रुपये 12 पैसे पडतात. धोट्याचा साधा माग दिवसपाळी आणि रातपाळी मिळून 80 मीटर कापड काढतो असे धरू. एका मागाची दिवसाची मिळकत 250 रुपयांच्या आत आली. यातून विणकराची मजुरी, कांडीवाला, जॉबर, वीज, सुटे भाग आणि शेडचे भाडे भागवायचे. आता या माणसाने मागावर एखादी नवी जोडणी बसवली आणि ती नीट लागेपर्यंत 100 मीटर कापडात दोष राहिला. व्यापाऱ्याने मीटरला 30 रुपये कापले, तर 3,000 रुपये गेले. म्हणजे त्या मागाची 12 दिवसांची सगळी मिळकत. हातात उरणाऱ्या शिल्लकीच्या मापाने पाहिले तर कित्येक आठवड्यांची. हे आकडे मी समजावून सांगण्यापुरते गोल धरले आहेत. दर सतत हलतात, कापडाची जात बदलते. पण एका बाजूला पैशांत मोजली जाणारी मजुरी आणि दुसऱ्या बाजूला रुपयांत मोजली जाणारी कपात, हे प्रमाण बदलत नाही.

आणि जोडणी जमली तर? माग कमी वेळा थांबतो, कापड सुबक निघते. थोड्याच दिवसांत शेजारच्या शेडमध्ये तीच जोडणी दिसते, मग त्याच्या पलीकडच्या. सगळ्यांचाच माल लवकर निघू लागला की व्यापाऱ्याला दर उतरवून मागायला जागा मिळते, आणि काम हातचे जाऊ नये म्हणून कोणीतरी तो दर कबूल करतो. एकाने केला की बाकीच्यांना करावाच लागतो.

प्रयोग फसला तर तोटा मागवाल्याच्या अंगावर, आणि जमला तर फायदा त्याच्या हातून निसटून वर जाणार. लहान उद्योगांत नवे का घडत नाही, किंवा घडलेले का टिकत नाही, या प्रश्नाचे माझ्या मते खरे उत्तर या मांडणीत आहे. बाकी अडचणी खऱ्या आहेत, पण त्या हिच्या पोटात येतात.

आपल्याकडे चर्चा वेगळ्याच दिशेने चालते. लहान उद्योजकाची मानसिकता जुनी, त्याला प्रशिक्षण हवे, त्याच्यात धाडस नाही, तंत्रज्ञानाची भीती आहे, असे परिसंवादांतून आणि अहवालांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. हे निदान मला चुकीचे वाटते, आणि अन्यायाचेही. ते चुकीचे आहे याचा पुरावा गेल्या दहा वर्षांत प्रत्येक चौकात उभा आहे. यूपीआय 2016 साली सुरू झाले. आज भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई, वडापावची गाडी, चपला शिवणारा, उसाचा रस काढणारा, सगळ्यांकडे क्यूआर कोडचा कागद आहे. कोणत्या प्रशिक्षण शिबिराने हे घडवले? भाजीवाल्या मावशींची मानसिकता कोणी बदलली? त्यांनी व्यवहार पाहिला. कागद फुकट मिळत होता, दुकानदाराला शुल्क नव्हते, सुट्या पैशांची कटकट मिटत होती, आणि नाही जमले तर कागद काढून टाकला की झाले. प्रयोगाचा तोटा शून्य आणि फायदा स्वतःच्या गल्ल्यात. अशी अट असेल तेव्हा आपला लहान व्यावसायिक मोठ्या कंपन्यांपेक्षाही लवकर नवे उचलतो.

हा केवढा मोठा वर्ग आहे हे लक्षात घ्यायला हवे. असंघटित उद्योगांच्या सरकारी पाहणीनुसार 2023-24 साली शेती आणि बांधकाम सोडून देशात असे 7.34 कोटी उद्योग होते आणि त्यांत 12.06 कोटी माणसे काम करत होती. म्हणजे एका उद्योगामागे दोन माणसेही नाहीत. बहुतेक ठिकाणी पगारी नोकर एकही नाही. घरचीच माणसे राबतात. अशा घरात संशोधनाचा वेगळा विभाग नसतो, वेगळा खर्च वहीत लिहिला जात नाही, आणि म्हणून संशोधनावर किती खर्च झाला असे विचारणाऱ्या पाहणीत या सगळ्यांचे उत्तर शून्य येते. नवप्रवर्तन मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘ऑस्लो मॅन्युअल’ नावाची मार्गदर्शिका आहे. तिच्या 2018 च्या आवृत्तीत व्याख्या अशी आहे की वस्तू किंवा पद्धत आधीपेक्षा लक्षणीय वेगळी असावी आणि ती प्रत्यक्ष वापरात आलेली असावी. पेटंटची अट तिथे नाही, प्रयोगशाळेचीही नाही. या मापाने पाहिले तर आपल्या यंत्रमागाच्या गावांचा सबंध इतिहास नव्याच्या शोधाचा आहे.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला. तेव्हा ते एका जहागिरीचे लहान गाव होते. डग्लस हेन्स या इतिहासकाराने पश्चिम भारतातल्या लहान गावांच्या भांडवलशाहीवर 2012 साली पुस्तक लिहिले. 1870 ते 1960 या काळात भिवंडी, मालेगाव, सोलापूर, सुरत, इचलकरंजी अशा गावांतले विणकर कसे बदलत गेले याचा तो अभ्यास आहे. गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग घ्यायचे, ते दुरुस्त करून आपल्या जागेत बसवायचे, आधी तेलावरच्या इंजिनावर आणि वीज आली की विजेवर चालवायचे, आणि गिरणीला परवडणार नाही असे थोड्या मापाचे, बाजाराच्या आवडीचे कापड काढायचे, हा या गावांचा मार्ग. विणकर गरीब होता, पण थांबलेला नव्हता. पुढे 1982 च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या बसत गेल्या तेव्हाही त्यांचे माग याच गावांकडे आले.

ही जुनी लोखंडे चालती ठेवणारा माणूस म्हणजे जॉबर. त्याच्याकडे पदवी नसते, असलाच तर आयटीआयचा दाखला असतो. पिकांची संख्या बदलायची तर कोणते दातेचक्र काढून कोणते लावायचे, धोट्याचा मार कुठे जास्त होतो, डॉबी चढवली की मागाचा वेग किती उतरवावा, दोन रंगांचे आडवे धागे हवे असतील तर ड्रॉप बॉक्स कसा जोडावा, हे त्याला आवाजावरून कळते. मागावर धोटा मारणारे पिकर पूर्वी म्हशीच्या कातड्याचे असत. त्यांच्या जागी नायलॉनचे आले. सुटे भाग बनवणाऱ्या लेथवाल्याने आणि जॉबरने मिळून ‘हा भाग इथे झिजतो, इथे जरा जाड करून दे’ असे करत करत शेकडो बारीक सुधारणा केल्या. त्यांची नोंद कुठेच नाही. जॉबर म्हातारा झाला की त्याच्याबरोबर त्या जातात, आणि पुढच्याला बराचसा भाग पुन्हा शोधावा लागतो. मला यातली सर्वांत मोठी हानी हीच वाटते. अक्कल आहे, तिचा साठा होत नाही.

साठा का होत नाही, हे समजून घेण्यासाठी जिथे तो झाला अशी उदाहरणे पाहायला हवीत, आणि ती आपल्याच भागात आहेत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले, आणि भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवू लागले. आजच्या व्याख्येत ते दुकान असंघटित क्षेत्रातच मोजले गेले असते. तिथून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे त्या उद्योगाच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची आहेत असे मी म्हणेन, कारण आजच्या खर्चीवाल्याला दोन महिनेही मिळत नाहीत. पुढे बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला लावली. उभा केलेला कारखाना मोडायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरान जमीन दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी वसली.

या गोष्टीचे आपण दोन शब्दांत सार काढतो: जिद्द आणि कष्ट. दोन्ही होतेच. पण बेळगावच्या बाजारात जिद्दीची आणखी कितीतरी माणसे असतील. लक्ष्मणरावांना जे मिळाले आणि इतरांना मिळाले नाही ते हे, की प्रयोग फसण्याची शक्यता असताना कोणीतरी स्वतःचे काही पणाला लावले. औंध हे काही श्रीमंत संस्थान नव्हते. त्या राजाने पैसे बुडाले तर बुडाले असे धरून ते दिले असणार. इचलकरंजीतही तेच दिसते. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगाला आश्रय दिला म्हणून एका लहान गावात यंत्रमागासारखी अनोळखी वस्तू आणण्याचे धाडस परवडले. पहिल्या पावलाचा तोटा वाटून घेणारा कोणीतरी होता.

राजे गेले हे चांगलेच झाले. कोणाच्या मर्जीवर उद्योग उभे राहणे ही काही व्यवस्था नव्हे. पण त्यांची ही एक जबाबदारी नंतर कोणी घेतली? आपण घेतली ती कर्ज देण्याची. मुद्रा योजना 2015 साली आली, पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी 2020 साली, कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना 2023 साली. या योजनांनी सावकाराचा फास काही प्रमाणात सैल केला, हे मान्यच करायला हवे. विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने कर्ज मिळते, हेही थोडे नाही. तरीही कर्ज तोटा वाटून घेत नाही. प्रयोग फसला तरी हप्ता चुकत नाही. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो शहाणा माणूस जुने, खात्रीचे कामच वाढवेल. नव्याच्या वाटेला जाणार नाही. पुण्या-बंगळुरूच्या स्टार्टअपची गोष्ट वेगळी आहे. 2016 साली केंद्राने 10,000 कोटींचा निधी उभारायचे ठरवले तो अशा गुंतवणूकदारांना बळ देण्यासाठी, जे कंपनीत भागीदार होतात आणि ती बुडाली तर आपले पैसे बुडाले असे समजून चालतात. तिथे अपयशाला अनुभव म्हणतात. इचलकरंजीच्या शेडमध्ये त्याच अपयशाला थकबाकी म्हणतात. दोन्ही माणसे नवे करू पाहत आहेत, दोघांच्याही प्रयोगात फसण्याचा धोका आहे, मग एकाला भागीदार आणि दुसऱ्याला धनको, हा भेद आपण कोणत्या न्यायाने केला?

यंत्रमागासाठी योजना झाल्या नाहीत असे नाही. 1999 साली तंत्रज्ञान सुधारणा निधी आला. नंतर साध्या मागाला जागेवरच सुधारण्यासाठी अनुदानाची योजना आली: उभा धागा तुटला की माग आपोआप थांबावा, आडवा धागा संपला की थांबावा, बीम एकसारखे सुटावे, ब्रेक नीट लागावा, यासाठी लागणाऱ्या जोडण्यांचा काही खर्च सरकार उचलत असे. कल्पना उत्तम होती. मागवाल्याला लाखोंचा नवा रेपिअर माग घ्यायला न सांगता हाताशी असलेला माग सुधारायचा. पण अनुदान मिळे ते जोडणीच्या किमतीवर. जोडणी बसवताना माग बंद राहतो त्या दिवसांचे काय, आणि ती लागेपर्यंत जे कापड खराब निघते त्याचे काय, हे कोणत्याही अर्जात विचारले जात नसे. पहिला तागा वाया गेला तर तो कोणाच्या खात्यावर मांडायचा, हा मागवाल्याचा पहिला प्रश्न असतो. आपल्या सगळ्या योजना दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होतात.

आता नकलेबद्दल. लहान उद्योगांवर आणखी एक ठपका असतो, की ते एकमेकांची नक्कल करतात म्हणून कोणी नवे काढत नाही. यात अर्धे सत्य आहे. इंग्लंडच्या क्लीव्हलँड भागात एकोणिसाव्या शतकात लोखंडाच्या भट्ट्या होत्या. रॉबर्ट ॲलन या अर्थशास्त्राच्या इतिहासकाराने 1983 साली त्यांच्यावर एक गाजलेला लेख लिहिला. काही दशकांत भट्ट्यांची उंची 50 फुटांवरून 80 फुटांवर गेली, आत सोडायच्या हवेचे तापमान 600 अंश फॅरनहाइटवरून 1,400 पर्यंत चढले, कोळसा वाचला. हे एका संशोधकाचे काम नव्हते. एक मालक भट्टी थोडी उंच बांधे, काय झाले ते उघडपणे सांगे, दुसरा त्याहून उंच बांधे. सगळे एकमेकांचे पाहत होते, आणि त्यामुळेच सगळा भाग पुढे गेला. तिथे नक्कल हीच शाळा होती. आपल्या जॉबरचेही तसेच आहे. तो या शेडमधली युक्ती त्या शेडमध्ये नेतो म्हणून तर गाव शिकते.

फरक पुढे पडतो. क्लीव्हलँडच्या मालकांकडे भट्ट्या होत्या, कित्येकांकडे खनिजाच्या खाणीही होत्या. कोळसा वाचला की वाचलेला पैसा त्याच भागात, त्यांच्याच हातात राहत होता, आणि त्यातून पुढची भट्टी उंच होत होती. इचलकरंजीतून बरेचसे कापड कोरेच बाहेर जाते. रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे. कापडाला खरी किंमत येते ती पुढच्या टप्प्यांवर. मागवाल्यांनी एकमेकांना शिकवून जे कमावले ते मजुरीच्या उतरत्या दरातून गावाबाहेर जाते. म्हणून नक्कल बंद करून काही होणार नाही. गावाने शिकून मिळवलेल्या पैशातला काही भाग गावात राहील अशी सोय करणे, हे खरे काम आहे.

आणखी एक भीती आहे, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. नवे केले की माणूस दिसू लागतो. 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात काय झाले ते अनेकांना आठवत असेल. वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदी पाहून लहान दुकानदारांना, बेकरीवाल्यांना, भाजीवाल्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, काही लाखो रुपयांच्या. बंगळुरूच्या दुकानांतून क्यूआर कोड उतरले आणि ‘फक्त रोख’ असे कागद लागले. गदारोळ झाल्यावर सरकारने माघार घेतली. पण त्या काही आठवड्यांत देशभरच्या लहान व्यापाऱ्याने जो धडा घेतला तो कोणत्याही परिपत्रकाने पुसला जाणार नाही. कर भरू नये असे मी म्हणत नाही. फुकट वाटलेली सोय उद्या पुरावा म्हणून समोर येते, असा अनुभव आला की माणूस पुढची सोय घेताना दहादा विचार करणार, एवढेच.

दिसण्याच्या भीतीसारखीच वाढण्याचीही भीती असते. महाराष्ट्रातल्या यंत्रमागांना विजेच्या दरात सवलत आहे, आणि तिच्यात 27 अश्वशक्तीच्या आत आणि बाहेर असे दोन गट आहेत. हेतू लहानाला जास्त मदत करण्याचा आहे आणि तो योग्यच आहे. पण अशी प्रत्येक रेघ, मग ती विजेची असो, कामगारसंख्येची असो की उलाढालीची, माणसाला रेघेच्या आत राहायला शिकवते. यंत्रमागाच्या गावांत एकाच घरातले माग भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावावर वेगवेगळे दाखवण्याची रीत जुनी आहे. गंमत म्हणून कोणी असे करत नाही. वाढ झाली की सवलत जाते, तपासणी येते, आणि वाढीचा फायदा मात्र अजून हाती आलेला नसतो. धंदा तुकड्यांत राहतो. तुकड्यांना बँक ओळखत नाही, आणि मोठी ऑर्डर तुकड्यांना मिळत नाही.

आतापर्यंत मी मागवाल्याची बाजू मांडली. पण त्याच्या खाली आणखी एक माणूस आहे, आणि त्याचे नाव न घेता हा विषय पुरा करणे मला बरोबर वाटत नाही. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट, हवेत कापसाची धूळ, आणि एकाच वेळी चार माग सांभाळणारा विणकर. त्याची मजुरीही मीटरवर. त्याच्या मजुरीची बोलणीसुद्धा 52 पिकाचे कापड धरूनच होतात. व्यापाऱ्याने खर्चीवाल्यावर ढकललेला तोटा खर्चीवाला विणकरावर ढकलतो: माग बंद तर मजुरी बंद, कापडात दोष तर कपात. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग आला तर एका विणकराला चारांऐवजी जास्त माग दिले जातील, आणि शेजारचा विणकर घरी बसेल, हे त्याला पक्के ठाऊक असते. मागाचे सगळ्यात बारीक ज्ञान त्याच्याजवळ आहे, कारण दिवसाचे बारा तास तो त्या यंत्रासमोर उभा असतो. ते ज्ञान त्याने मालकाला का सांगावे? सांगून त्याचे काय भले होणार? खर्चीवाला जो न्याय व्यापाऱ्याकडे मागतो तोच त्याने विणकराला दिला पाहिजे. सुधारणेतून वाचलेल्या पैशात विणकराचा ठरलेला वाटा असेल, तरच शेडमधली अक्कल बाहेर येईल. हे अवघड आहे हे मला कळते. मागवाल्याच्या हातातच फार काही उरत नाही. तरीही विणकराला वगळून केलेली कोणतीही सुधारणा एका गरिबाने दुसऱ्या गरिबाच्या ताटातले घेण्यासारखी होईल.

पेटंट हा उपाय अनेकजण सुचवतात. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यानुसार माहीत असलेल्या यंत्रांची नुसती नवी मांडणी हा शोध ठरत नाही. जॉबरच्या बहुतेक युक्त्या याच कलमात अडकतील. जर्मनीत 1891 पासून लहान सुधारणांसाठी कमी मुदतीचा, सोपा हक्क आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. तो व्हावा, पण त्यावर फार आशा ठेवू नये. कोर्टात जाऊन हक्क राखण्याची ताकद ज्याच्यात नाही त्याला कागदावरचा हक्क किती पुरणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या लहानशा शेतात भाताच्या वेगळ्या लोंब्या ओळखल्या, वर्षानुवर्षे निवड करून ‘एचएमटी’ वाण तयार केले आणि बियाणे शेजाऱ्यांना दिले. ते वाण अनेक राज्यांत पोचले. कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यातून ‘पीकेव्ही-एचएमटी’ नावाने वाण प्रसारित केले. खोब्रागडे यांना पुरस्कार मिळाले, सत्कार झाले. 2018 च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा उपचारांच्या खर्चाची विवंचना होती. कितीतरी शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या, गिरणीवाल्यांच्या घरात त्या तांदळाने पैसा आणला. त्यातला ठरलेला वाटा त्यांच्याकडे परत येईल असा कोणताही रस्ता आपण बांधला नव्हता.

रस्ता बांधता येतो, याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. पापडात नवे काही नव्हते. नवी होती ती रचना: पीठ केंद्रात मळायचे, त्यामुळे चव आणि प्रत एकच राहते, लाटायचे आपापल्या घरी, त्यामुळे घर सोडता येत नाही अशा बाईलाही काम मिळते, आणि नफा असो की तोटा, तो सगळ्या भगिनींचा. एखाद्या महिन्यात माल अडकला तर तो कोणा एकीच्या चुलीवर येत नाही. आपल्याकडच्या लहान उद्योगांतल्या उत्तम शोधांपैकी हा एक आहे असे मी मानतो.

मग करायचे काय? मला तीन गोष्टी दिसतात आणि तिन्हींचा संबंध तोट्याशीच आहे. यंत्रमागाच्या प्रत्येक मोठ्या गावात चाचणीसाठी माग असावेत, आणि तिथल्या प्रयोगात खराब झालेल्या कापडाची भरपाई सार्वजनिक पैशातून व्हावी. इचलकरंजीत डीकेटीईसारखी वस्त्रोद्योगाची शिक्षणसंस्था 1982 पासून आहे, पॉवरलूम सर्व्हिस सेंटरे आहेत. इमारती नव्याने बांधाव्या लागणार नाहीत. तिथल्या विद्यार्थ्याने एक वर्ष एका जॉबरच्या हाताखाली काढावे आणि त्याच्या युक्त्या रेखाटून, त्याचे नाव घालून नोंदवाव्यात. दुसरी गोष्ट वेळेत पैसे देण्याची. 2006 च्या कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावे लागतात, आणि 2024-25 या आकारणी वर्षापासून वेळेत न दिलेल्या पैशाची आयकरात वजावट लगेच मिळत नाही. पण हे संरक्षण नोंदणी असलेल्यालाच आहे. नोंदणी केली म्हणून जुने काही उकरले जाणार नाही, अशी लेखी हमी सरकारने दिली तर लोक पुढे येतील. तिसरी गोष्ट कराराची. नव्या प्रकारच्या कापडाच्या पहिल्या मालात किती टक्के दोष व्यापाऱ्याने सोसायचा, आणि सुधारणेनंतर किती काळ दर उतरवायचा नाही, हे व्यापारी, मागवाले आणि कामगार संघटनांनी एकत्र बसून ठरवावे. मजुरीचे दर जर अशा बैठकांतून ठरू शकतात, तर हेही ठरू शकते.

हे वाचणाऱ्यांत कारखान्यांतले अभियंते असतील, खरेदी खात्यातले अधिकारी असतील, बँकेत कर्ज मंजूर करणारे असतील, स्वतःचा लहान-मोठा धंदा असलेलेही असतील. तुमच्यापैकी प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या लहान शेडकडून, लेथवाल्याकडून, घरी बसून शिवणाऱ्या किंवा लाटणाऱ्या बाईकडून काम करून घेतो. पुढच्या वेळी त्यांना काही नवे करायला सांगाल तेव्हा दर ठरवण्याआधी एवढे सांगा, की पहिला माल खराब निघाला तर त्याचे पैसे आम्ही देऊ. आणि ते खरोखर द्या.